लांब ड्राइव्हवे, लेक इफेक्टचा बर्फ आणि छोटा ट्रॅक्टर : एका हिवाळी जोडणीचे परीक्षण

हे परीक्षण एका यंत्राचे नसून एका जोडणीचे आहे. सुमारे २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना गती देणारा छोटा डिझेल ट्रॅक्टर, त्याच्या पुढे बसवलेला ५४ इंच रुंदीचा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ गोळा करून दूर फेकणारे यंत्र, मागे अवजारे जोडायच्या थ्री पॉइंट लिंकेजला लावलेले वजन आणि मागच्या टायरांवर चढवलेल्या साखळ्या, असे तिचे स्वरूप आहे. जागा न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो काउंटीच्या ग्रामीण भागातली, म्हणजे लेक ऑन्टॅरिओच्या पूर्वेची. घर रस्त्यापासून बरेच आत असून ड्राइव्हवे सुमारे ४०० फूट लांब, १२ फूट रुंद आणि बहुतेक खडीचा आहे. मध्ये एक वळण आहे आणि घराजवळ थोडा चढ आहे. ट्रॅक्टरच्या निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. कुबोटाची बीएक्स मालिका, जॉन डीअरची १ मालिका आणि महिंद्राचे अमेरिकेत विकले जाणारे लहान ट्रॅक्टर यांची या कामापुरती तुलना केली तर केशरी, हिरवा आणि लाल या रंगांखेरीज फार मोठा फरक उरत नाही, आणि या कामात ट्रॅक्टर कोणता यापेक्षा त्याला काय जोडले आहे याला अधिक महत्त्व आहे.

माझे मत आधीच सांगते. इथल्या हिवाळ्यात बर्फ ढकलायला ताकद कमी पडत नाही. ढकललेला बर्फ ठेवायला जागा कमी पडते. या एका गोष्टीमुळे मी बर्फ नुसता लोटणाऱ्या ब्लेडपेक्षा ब्लोअरला, आणि अश्वशक्तीपेक्षा वजन आणि पकड यांना अधिक गुण देते.

हे पटण्यासाठी इथला बर्फ कसा पडतो ते समजून घ्यावे लागते. कॅनडाकडून येणारी कोरडी, थंड हवा लेक ऑन्टॅरिओच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहते, वाटेत बाष्प उचलते आणि पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः टग हिल पठाराच्या चढावर, ते बर्फाच्या रूपाने टाकते. शेजारचे लेक ईरी उथळ असल्यामुळे बऱ्याच हिवाळ्यांत मोठ्या प्रमाणावर गोठते आणि मग तिथला हा कारखाना मंदावतो. लेक ऑन्टॅरिओ खोल आहे, त्याची सरासरी खोलीच सुमारे ८६ मीटर आहे, त्यामुळे ते क्वचितच पूर्ण गोठते आणि बर्फाचा पुरवठा मार्चपर्यंत चालू राहतो. या बर्फाचे पट्टे अरुंद असतात. एका गावात ऊन असते आणि दहा मैलांवरच्या गावात तासाला दोन-तीन इंच बर्फ पडत असतो. फेब्रुवारी २००७ मध्ये याच काउंटीतल्या रेडफील्ड येथे दहा दिवसांत १४१ इंच बर्फाची नोंद झाली होती. दर वर्षी असे होत नाही, परंतु यंत्र निवडताना सरासरीपेक्षा अशाच आठवड्यांचा विचार करावा लागतो.

आता थोडे गणित. ४०० फूट लांब आणि १२ फूट रुंद जागेवर एक फूट बर्फ पडला तर त्याचे आकारमान सुमारे १३६ घनमीटर होते. ताज्या बर्फाची घनता घनमीटरला १०० किलो धरली, तर हे ओझे साडेतेरा टनांच्या आसपास जाते. लेक इफेक्टचा बर्फ पुष्कळदा याच्या निम्म्या वजनाचा, पिसासारखा हलका असतो. उलट मार्चमधला ओला बर्फ दुप्पट किंवा त्याहून जड असतो. म्हणजे एका वादळात सात टनांपासून पंचवीस-तीस टनांपर्यंत माल जागचा हलवायचा, तोही सकाळी कामावर निघण्यापूर्वी. हाताने ढकलायचे, पेट्रोलवर चालणारे दुहेरी टप्प्याचे स्नोब्लोअर या कामाला अपुरे आहेत असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या रस्त्यावर ते वापरणारे लोक आहेत; परंतु त्यांना त्यासाठी दीड-दोन तास यंत्रामागे चालावे लागते आणि वाऱ्याने उलटा आलेला बर्फ तोंडावर घ्यावा लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे पिकअप ट्रकला प्लाऊ लावून येणारा कंत्राटदार. हंगामाचा करार करता येतो किंवा प्रत्येक फेरीचे पैसे देता येतात. ही सेवा आम्ही वापरली आहे आणि साध्या हिवाळ्यात ती पुरेशी आहे. तिची मर्यादा माणसाच्या आळसाची नाही, पद्धतीची आहे. प्लाऊचे पाते बर्फ बाजूला लोटते. बाजूला लोटलेल्या बर्फाचा बांध तयार होतो, आणि हलवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून काही तासांत घट्ट होतात, त्यामुळे तो बांध दुसऱ्या दिवशी फावड्याला दाद देत नाही. पुढच्या वादळात पाते त्या बांधापर्यंतच पोहोचते. नवा बर्फ जुन्या बांधाच्या अलीकडे साचतो. डिसेंबरमध्ये बारा फूट असलेला रस्ता जानेवारीअखेर आठ फुटांवर येतो आणि घर तापवायच्या तेलाचा टँकर आत यायला नकार देतो. याहून मोठी अडचण वाऱ्याची आहे. दोन्ही बाजूंना तीन-चार फूट उंच बांध असले की मधला रस्ता खंदकासारखा होतो, आणि उघड्या शेतावरून वाऱ्याने उडत आलेला बर्फ वेग मंदावल्यामुळे नेमका त्याच खंदकात उतरतो. आकाशातून एक कणही न पडता ड्राइव्हवे रात्रीतून पुन्हा भरलेला सापडतो, तो यामुळे.

अनुभवी प्लाऊवाले यावर उपाय म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच बांध रस्त्याच्या कडेपासून खूप मागे ढकलून ठेवतात. ज्यांच्याकडे दोन्ही बाजूंना मोकळे गवत आहे आणि हिवाळ्यात मिळून साठ-सत्तर इंचच बर्फ पडतो, त्यांना एवढे पुरते, आणि त्यांनी ब्लोअरवर खर्च करू नये असेच माझे म्हणणे आहे. ट्रॅक्टरच्या मागे लावायची साधी रिअर ब्लेड स्वस्त आहे, तिच्यात बिघडण्यासारखे जवळपास काही नाही आणि तीन-चार इंच बर्फ ती ब्लोअरपेक्षा लवकर साफ करते. आमच्याकडेही ती आहे. परंतु दोनशे इंचांच्या मुलखात ब्लेडवर विसंबणे म्हणजे फेब्रुवारीत अडकणे. ब्लोअर बर्फ बांधाच्या पलीकडे वीस-तीस फुटांवर फेकतो, तो पातळ थरात पसरतो, कडेला भिंत उभी राहत नाही आणि म्हणून वाऱ्याला बर्फ टाकायला खंदक मिळत नाही. मार्चमध्येही आमचा रस्ता बारा फुटांचाच असतो, आणि या एका कारणासाठी बाकीच्या सगळ्या कटकटी मला मान्य आहेत.

ट्रॅक्टरविषयी मराठी वाचकाला फार समजावून सांगण्याची गरज नाही. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्षबागेत दोन ओळींच्या मधून जाणारा जो मिनी ट्रॅक्टर असतो, साधारण त्याच शक्तीचे हे यंत्र आहे. तिथे तो पीटीओवर, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, फवारणीचा ब्लोअर चालवतो, इथे बर्फाचा. तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन, एकूण २३ ते २५ अश्वशक्ती आणि त्यापैकी पीटीओला मिळणारी सुमारे १७-१८, हे या वर्गाचे नेहमीचे आकडे आहेत. उत्पादक २५ च्या आत राहतात त्यामागे कारण आहे: अमेरिकेच्या उत्सर्जन नियमांनुसार १९ किलोवॉट, म्हणजे साधारण २५ अश्वशक्ती, ओलांडली की काजळीचे निकष बरेच कडक होतात आणि बहुतेक उत्पादकांना त्यासाठी फिल्टर बसवावा लागतो. तो फिल्टर अधूनमधून तापवून जाळून स्वच्छ करावा लागतो, आणि थोडा वेळ चालून बंद होणाऱ्या हिवाळी कामाशी त्याचे फारसे जमत नाही. त्यामुळे विक्रेता थोडे पैसे वाढवून ३० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेण्याचा आग्रह करत असेल, तर केवळ बर्फासाठी तो मान्य करू नये.

जी गोष्ट मात्र निश्चित तपासावी ती म्हणजे हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाकांना गती देणारी रचना. ब्लोअरला सतत पूर्ण फेरे हवे असतात, इंजिन मंदावले की पंख्याचा वेग उतरतो आणि बर्फ नळीतच बसतो. उलट ट्रॅक्टरचा पुढे जाण्याचा वेग बर्फाच्या खोलीप्रमाणे क्षणोक्षणी बदलावा लागतो. गिअरच्या ट्रॅक्टरवर हे दोन्ही एकत्र साधणे कष्टाचे आहे, कारण प्रत्येक वेळी क्लच दाबावा लागतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन पूर्ण वेगावर ठेवून पायाखालच्या पेडलने गोगलगायीच्या गतीपर्यंत उतरता येते आणि तितक्याच सहज मागे जाता येते. खोल बर्फात मी लो रेंजमध्येच, म्हणजे कमी वेगाच्या टप्प्यातच, काम करते आणि इंजिनाचा आवाज जड झाला की पेडल किंचित सोडते. कानाने चालवायचे हे काम आहे, मीटरकडे पाहायला सवड नसते.

ब्लोअरची रचना साधी आहे. समोरच्या खोक्यात आडवा फिरणारा ऑगर दातेरी मळसूत्राने बर्फ दोन्ही बाजूंकडून मध्यभागी ओढतो. मध्यभागी मागे असलेला पंखा तो बर्फ वेगाने वरच्या वळत्या नळीतून बाहेर फेकतो. फेकायचे काम चिमुकल्या पंख्याचे आणि गोळा करायचे काम ऑगरचे, अशी ही दोन टप्प्यांची विभागणी आहे. या कल्पनेचा वापर करून रस्त्यावर प्रत्यक्ष चालणारे यंत्र कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये तयार केले, आणि आजही ट्रॅक्टरला लावायच्या ब्लोअरचे सगळ्यांत चिवट नमुने त्याच प्रांतातून येतात, हा योगायोग नाही.

ब्लोअर कुठे बसवायचा, हा खरेदीतला सगळ्यांत महागडा प्रश्न आहे. पुढे बसवलेल्या ब्लोअरला शक्ती ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या मिड पीटीओमधून मिळते, जो या वर्गात मिनिटाला साधारण २,००० ते २,५०० फेऱ्यांनी फिरतो. मागे बसवलेल्याला नेहमीच्या ५४० फेऱ्यांच्या पीटीओमधून मिळते. मागचा ब्लोअर पुष्कळ स्वस्त आहे, त्याला ट्रॅक्टरखाली वेगळी चौकट लागत नाही आणि माल उचलणारा समोरचा लोडर जागच्या जागी राहतो, ही त्याची मोठी सोय आहे. परंतु तो चालवताना सगळा वेळ मान मागे वळवून उलटे जावे लागते. चारशे फूट उलटे जाणे तरुण मानेला जमेल, माझ्या मानेला ते मान्य नाही. क्वेबेकमध्ये यावर तिसरा मार्ग रूढ आहे: मागे जोडलेला, पण तोंड पुढच्या दिशेला असलेला उलटा ब्लोअर. ट्रॅक्टर सरळ पुढे जातो आणि ब्लोअर त्याच्या मागे ओढला जात असताना बर्फ खातो. प्रोनोव्हो आणि नॉरमांड ही तिथली परिचित नावे आहेत. मोठ्या ट्रॅक्टरसाठी तो उत्तम पर्याय आहे. आमच्यासारख्या बुटक्या ट्रॅक्टरचे पोट मात्र जमिनीपासून फार उंच नसते, आणि दीड-दोन फूट बर्फात आधी ट्रॅक्टरलाच वाट काढावी लागली तर तो पोटावर बसतो. म्हणून खोल बर्फाच्या प्रदेशात आणि लहान ट्रॅक्टरवर ब्लोअर पुढेच हवा, या निष्कर्षावर मी ठाम आहे.

पुढच्या ब्लोअरची किंमत केवळ पैशांत मोजून चालत नाही. तो बसवण्यापूर्वी लोडर उतरवावा लागतो आणि गवत कापायचा डेकही काढावा लागतो, कारण ब्लोअर आणि त्याची चौकट त्यांच्याच जागी बसतात आणि डेक चालवणारा मिड पीटीओही ब्लोअरलाच लागतो. आधीची जुळवाजुळव झाल्यावर झटपट हुकवर ब्लोअर चढवणे सोपे असले, तरी हंगामातले पहिले जोडकाम एका दुपारचे आहे, आणि एकदा ब्लोअर चढला की एप्रिलपर्यंत लोडर मिळत नाही. जळाऊ लाकडे वाहणे, छपरावरून घसरलेला बर्फाचा ढीग उचलणे ही कामे मग ढकलगाडीने करावी लागतात. ज्यांचे घर लाकडावर तापते त्यांनी याचा विचार आधी करावा.

पकडीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण नव्या खरेदीदारांची निराशा बहुतेक वेळा इथेच होते. लोडर आणि डेकशिवाय या ट्रॅक्टरचे वजन साधारण ६५० किलो असते. पुढे ब्लोअर लटकवला की मागची चाके हलकी होतात आणि चढावर फोर व्हील ड्राइव्ह असूनही ट्रॅक्टर जागेवर चाके फिरवतो. उपाय तीन आहेत आणि माझ्या मते तिन्ही एकत्र करावे लागतात. पहिला, मागच्या लिंकेजला वाळू किंवा काँक्रीटने भरलेली वजनपेटी. दुसरा, टायरमध्ये द्रव भरणे. आपल्याकडे चिखलणीसाठी किंवा नांगरटीसाठी ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरतात. इथे साधे पाणी गोठून जाईल, म्हणून साखर काढल्यावर उरणारा बीटचा दाट रस भरतात, जो पाण्यापेक्षा जड असतो, उणे तापमानातही वाहता राहतो आणि कॅल्शियम क्लोराइडसारखा रिमला गंजवत नाही. तिसरा उपाय साखळ्यांचा. गवताचे टायर बर्फावर घसरतात, औद्योगिक आर-४ टायर त्याहून थोडेच बरे असतात, आणि खालचा थर बर्फाळ काचेसारखा झाला की साखळीशिवाय कोणताच टायर विश्वासाचा नाही. साखळी घेताना आडव्या दुव्यांमधले अंतर कमी असलेली घ्यावी, नाहीतर चाक दोन दुव्यांच्या मध्ये येऊन गचके बसतात. या वर्गातल्या काही ट्रॅक्टरांत टायर आणि मडगार्ड किंवा लिंकेजच्या दांड्या यांच्यात अंतर इतके कमी असते की साखळी घासते. त्यासाठी चाकांना स्पेसर, म्हणजे चाक थोडे बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, बसवाव्या लागतात. हा खर्च किमतीच्या पत्रकात कुठेही लिहिलेला नसतो.

साखळ्यांचा दोष डांबरी भागावर दिसतो. गॅरेजसमोरच्या तुकड्यावर आमच्याकडे ओरखडे उमटलेले आहेत, आणि सुंदर फरसबंदी ज्यांनी केली आहे त्यांनी याची धास्ती बाळगणे योग्य आहे.

थंडीतल्या डिझेलबाबत निष्काळजीपणा परवडत नाही. नेहमीच्या क्रमांक २ डिझेलमधले मेण थंडीत गढूळ होऊन फिल्टरमध्ये बसते. पंपांवर हिवाळी मिश्रण मिळते, परंतु ऑक्टोबरमध्ये भरून ठेवलेल्या कॅनमधले डिझेल हिवाळी नसते. त्यात जेल होऊ न देणारे द्रव्य मिसळायचे असेल तर ते डिझेल गढूळ होण्याआधी मिसळावे लागते. नंतर मिसळून उपयोग होत नाही. शेतीच्या आणि रस्त्याबाहेरच्या यंत्रांसाठी रस्तेकर नसलेले लाल रंगाचे डिझेल मिळते आणि ट्रॅक्टरला ते चालते, मात्र तेच कारच्या टाकीत ओतणे बेकायदेशीर आहे. इंजिन गरम ठेवणारा विजेचा ब्लॉक हीटर मी अत्यावश्यक समजते. निघण्यापूर्वी दोन तास तो लावला की ग्लो प्लगवर ताण न येता इंजिन सुरू होते. त्यानंतरही दहा मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे, कारण हायड्रोस्टॅटिकचे तेल थंडीत काकवीसारखे दाट असते आणि तशाच अवस्थेत पेडल दाबले तर पंप ओरडतो. कामाच्या वेळी डिझेल तासाला सुमारे एक गॅलन लागते. एक फूट हलका बर्फ असेल तर आमचा रस्ता पाऊण तासात होतो.

केबिनचा प्रश्न मी अनिर्णीत ठेवला होता आणि आता त्याचे उत्तर होकारार्थी आहे. वारा उलटा असेल तेव्हा ब्लोअरने फेकलेला बर्फ चालकाच्या अंगावर येतो, चष्म्यावर गोठतो आणि समोरचे दिसेनासे होते. कापडी केबिन स्वस्त आहे आणि वारा अडवते. हीटर असलेली काचेची केबिन महाग आहे, पण वायपर आणि दिव्यांसह ती मिळाली की पहाटेचे काम सुसह्य होते. केबिनने ट्रॅक्टरची उंची वाढते, त्यामुळे गॅरेजच्या दाराची उंची आधी मोजावी.

चालवण्याच्या पद्धतीतही थोडे शहाणपण लागते. जमीन गोठण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रस्त्याच्या दोन्ही कडांना फायबरग्लासच्या परावर्तक काठ्या रोवून घ्याव्यात. एकदा सगळे पांढरे झाले की रस्त्याची कड, टपालपेटीचा पाया आणि सेप्टिक टाकीचे झाकण कुठे आहे हे स्मरणावर सोडता येत नाही. खडीच्या रस्त्यावर ब्लोअरच्या दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्या सुरुवातीला इंचभर उंच ठेवाव्यात आणि पहिल्या दोन-तीन वेळचा बर्फ मुद्दाम रस्त्यावरच ठेवून दाबून घ्यावा. तो थर खडीसह गोठला की त्यावर ब्लोअरच्या तळाचे पाते खाली घेता येते. हे न केल्यास पहिल्याच दिवशी ऑगर खडी उचलतो आणि ती बंदुकीच्या वेगाने नळीतून बाहेर पडते. नळीचे तोंड घराकडे, गाडीकडे किंवा माणसाकडे असता कामा नये, हे सांगण्याची गरज नसावी. सुरुवात वाऱ्याच्या दिशेचा विचार करून करावी, म्हणजे साफ केलेल्या भागावर पुन्हा बर्फ फेकला जात नाही.

रस्त्याच्या तोंडाशी सरकारी प्लाऊने टाकलेला बांध हा या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे. तो मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला, चिखल आणि ढेकळांनी भरलेला असतो. तो रस्त्यापलीकडे ढकलून देण्याचा मोह होतो, पण सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकणे राज्याच्या वाहतूक कायद्याने निषिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. इथे ब्लोअरने घाई न करता थोडे थोडे कापत जावे. एक युक्ती मात्र लाख मोलाची आहे: रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला, म्हणजे ज्या बाजूने प्लाऊ येतो त्या बाजूला, कडेचा दहा-पंधरा फूट भाग आधीच साफ करून ठेवावा. प्लाऊच्या पात्यावरचा बर्फ त्या रिकाम्या जागेत पडतो आणि आपल्या तोंडाशी येईपर्यंत पाते बरेच रिकामे झालेले असते.

आता दोष. शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ या ब्लोअरला झेपत नाही. तो नळीत चिकटतो, पंखा भरतो आणि दर पन्नास फुटांवर थांबावे लागते. नळीला आतून सिलिकोन किंवा मेणाचा फवारा मारला तर थोडा काळ फरक पडतो, पण मोठ्या ब्लोअरला जे वजनाने आणि शक्तीने जमते ते १८ अश्वशक्तीत जमत नाही, हे मान्य करावे. अशा दिवशी मी ब्लेडच वापरते. अडकलेला बर्फ काढताना पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली हातात आणि बर्फ काढायला काठी, यात सवलत नाही; पंखा थांबलेला दिसला तरी त्यात ताण साठलेला असू शकतो आणि अडथळा निघताच तो एक झटका देतो, ज्यात दर हिवाळ्यात लोकांची बोटे जातात. गोठलेले ढेकूळ किंवा विसरलेले वर्तमानपत्र ऑगरमध्ये गेले की शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच आहे, गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. तिच्या जागी घरातला पोलादी बोल्ट घालणे म्हणजे शंभर पट महाग दुरुस्तीला आमंत्रण. उतारावर, ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी रोलओव्हर चौकट उभी आणि पट्टा बांधलेला असावा. आवाज बराच आहे, पहाटे पाच वाजता शेजाऱ्यांचा विचार करावा लागेल इतका. आमचा शेजारी त्याच वेळी त्याचा ट्रॅक्टर चालवत असतो म्हणून भागते.

खर्चाचा हिशेब स्पष्ट आहे. ट्रॅक्टर, लोडर, पुढचा ब्लोअर, त्याची चौकट, साखळ्या, वजन आणि टायरमधला द्रव मिळून आकडा वीस हजार डॉलरच्या बराच वर जातो. निव्वळ बर्फासाठी हा खर्च कंत्राटदाराच्या तुलनेत अनेक वर्षे वसूल होत नाही. ज्यांना उन्हाळ्यात दोन-चार एकर गवत कापायचे आहे, खडी पसरायची आहे, लाकडे वाहायची आहेत, त्यांच्यासाठीच हा सौदा योग्य ठरतो, कारण मग ट्रॅक्टर वर्षभर राबतो आणि ब्लोअर हा त्यावरचा वाढीव खर्च राहतो. जवळच्या सिरॅक्यूज शहराच्या बाहेर मोकळी जागा घेणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मला हाच प्रश्न विचारला जातो, आणि शंभर फुटांच्या आतला डांबरी ड्राइव्हवे असेल तर माझे उत्तर असते की हाताने चालवायचा चांगला दुहेरी टप्प्याचा ब्लोअर घ्या आणि उरलेल्या पैशांत छप्पर दुरुस्त करा.

ज्यांचा निर्णय होकाराचा आहे त्यांनी मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी, कारण ऑक्टोबरमध्ये पुढचे ब्लोअर सहसा शिल्लक नसतात. विक्रेत्याला एक मोजमाप लेखी विचारावे: साखळ्या आणि स्पेसर चढवल्यावर मागच्या चाकांची बाहेरची रुंदी किती होते. ब्लोअर त्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन इंच मोठा हवा. तसा नसेल तर चाके प्रत्येक फेरीत साफ न झालेल्या बर्फावर चढतात, ट्रॅक्टर एका अंगाला कलतो, पाते तिरके होऊन एका बाजूने खडी उकरते आणि दुसऱ्या बाजूने बर्फ सोडत जाते. ५४ इंचांच्या ब्लोअरवर हे मोजमाप काठावर येते. त्याच ट्रॅक्टरला जवळच्याच मापाचा ४७ इंची ब्लोअर स्वस्तात मिळत असला तरी तो घेऊ नये.